सोलर चार्जर बोर्ड (बीक्यू२४०७४): सेटिंग ७९० मिलिअँपचं, सेलला मिळतात जेमतेम ५८

रावेर_केळीबाग

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी आहे, मृगबाग. जमीन काळी, त्यामुळे वाफसा आलाय की नाही हे वरून पाहून कळत नाही. म्हणून ओलाव्याचे सेन्सर लावून एक छोटी पेटी बनवलीय. ती लोरावरून (लांब पल्ल्याच्या रेडिओवरून) घरच्या गेटवेला रीडिंग पाठवते आणि गरज पडली की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडते.

पेटीत लिथियमचा एक १८६५० सेल आहे, २६०० मिलिअँप-तासांचा. वर ६ व्होल्ट ५ वॅटचं पॅनल. मधे ऑनलाइन मागवलेला तयार चार्जर बोर्ड, चिप बीक्यू२४०७४. डेटाशीट वाचूनच घेतला होता. चार्जिंगचा करंट ठरवणाऱ्या आयसेट पिनवर १.१३ किलोओहमचा रेझिस्टर आहे, म्हणजे डेटाशीटच्या सूत्राने ८९० भागिले १.१३, साधारण ७९० मिलिअँप यायला हवेत. आयलिमवर १.१८ किलोओहम, म्हणजे इनपुटची मर्यादा १.३ अँप.

प्रत्यक्षात सेलच्या वायरीत मीटर लावला तर ५८ मिलिअँप. सकाळी नऊला ५८, भर दुपारी ५८. पॅनल काढून मोबाइलचा ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला तरी ५८. सेल बदलून पाहिला, फरक नाही. बोर्ड, रेडिओ आणि सेन्सर मिळून खर्च ३७ मिलिअँप आहे, रेडिओ सतत ऐकत असतो म्हणून. चार्जिंगचा दिवा लागलेला असतो. तरी दोन-तीन आठवड्यांत सेल उतरतो आणि पेटी बंद पडते. विकणारा म्हणतो बोर्ड तपासून पाठवलाय. चिपच खराब असेल का? बाग निसवणीला (घड बाहेर पडायला) आलीय, पाण्याचा ताण पडला तर घडावर परिणाम होईल. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

धुळे_मोबाइल_रिपेअर

राम राम भो. तुले सांगतो, ५ वॅटवाली ही पॅनलं नुसती नावाला ५ वॅट असतात. १० वॅटचं लाव, विषय संपला. नाहीतर चिप बदल, माझ्याकडं हॉट एअर आहे, धुळ्याला चक्कर झाली तर घेऊन ये.

भुसावळ_वर्कबेंच

रावेरकर दादा, थोडं थांबा, चिप काढू नका. तुम्ही आकडे फार नीट दिलेत आणि उत्तर त्यातच आहे.

सेलला ५८ आणि तुमच्या सर्किटचा खर्च ३७. बेरीज करा: ९५. ही चिप लिनिअर आहे, ती व्होल्टेज कमी करते पण करंट वाढवून देत नाही. जेवढे मिलिअँप आत येतात तेवढेच बाहेर जातात, चिपचा स्वतःचा किरकोळ खर्च सोडला तर. म्हणजे आत ९५ येताहेत. आता डेटाशीटमध्ये इनपुट मर्यादेचं कोष्टक उघडा. १०० मिलिअँपच्या यूएसबी मोडमध्ये चिप ९० ते १०० च्या मधे धरते आणि ठरावीक आकडा ९५ दिलेला आहे. तुमची चिप खराब नाही. तिला कोणीतरी १०० वर थांब म्हणून सांगितलंय आणि ती तंतोतंत तेवढ्यावर थांबलीय.

पॅनल कमी पडत असतं तर सकाळचा आणि दुपारचा आकडा एक आला नसता, ऊन चढेल तसा तो चढला असता. अडॅप्टरवरही तोच आकडा आला, म्हणजे पॅनलचा संशय तिथेच मिटतो. करंट कमी आणि हलता असेल तर पुरवठा, वायरी, जोड पाहावेत. करंट कमी पण खिळल्यासारखा स्थिर असेल तर ती कुठली तरी मर्यादा असते. अशा वेळी ती कोणती हे शोधायचं, पार्ट बदलत बसायचं नाही. माझ्या टेबलावर चांगल्या चिपा उपटून खराब झालेले बोर्ड इतके येतात की जीव तुटतो.

या चिपमध्ये मर्यादा बऱ्याच आहेत आणि ज्या क्षणी जी सर्वांत कमी असेल ती चालते. आयसेट चार्जिंगचा करंट ठरवतो. आयलिम इनपुटचा, पण मोड ठरवणाऱ्या दोन पिनांपैकी ईएन२ ‘वर’ (व्होल्टेज असलेली) आणि ईएन१ ‘खाली’ (शून्याजवळ) असेल तरच! बहुतेक लोक इथेच अडकतात. दोन्ही खाली असतील तर १००. ईएन१ वर, ईएन२ खाली असेल तर ५००. दोन्ही वर असतील तर इनपुट बंदच. आयलिमवर रेझिस्टर बसवलेला असूनही १०० आणि ५०० च्या मोडमध्ये चिप त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. याशिवाय सेल ३ व्होल्टच्या खाली असेल तर ती सेटिंगच्या दहाव्या भागानेच भरते, पण तुमच्या बाबतीत ते नाही. ते असतं तर सेलला ७८ च्या आसपास मिळाले असते आणि थोड्या वेळाने आकडा वर गेला असता.

आता मोजमाप. सेलच्या वायरीत मीटर घालणं सोडा. साध्या मीटरच्या २०० मिलिअँपच्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स मधे येतो आणि तोच करंट दाबतो. त्याऐवजी आयसेट पिनवर, म्हणजे १६ नंबरच्या पिनवर, ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. चार्जिंगचा जेवढा करंट असेल त्याचा ४०० वा भाग चिप या पिनमधून बाहेर सोडते. तो तुमच्या १.१३ किलोओहममधून जातो. पूर्ण करंटला तिथे २.२ व्होल्ट दिसतात, ५८ मिलिअँपला ०.१६ दिसतील. काही तोडायचं नाही, काही उपटायचं नाही.

तर चार आकडे द्या: आयसेटचं व्होल्टेज, आउटचं (सर्किटला वीज देणारी पिन, १० किंवा ११ नंबर), ईएन२ चं (५ नंबर) आणि ईएन१ चं (६ नंबर). ईएन२ ला कोणता रेझिस्टर जोडलाय तोही भिंगाने पाहून त्यावरचे आकडे लिहा. पिना बारीक आहेत, प्रोब घसरू देऊ नका. पिनेऐवजी तिला जोडलेल्या रेझिस्टरच्या टोकावर मोजलं तर सोपं जाईल.

रावेर_केळीबाग

ताई, बेरीज करायचं खरंच सुचलं नव्हतं, मनापासून आभार. आत्ताच मोजलं, अडॅप्टर लावून.

आयसेट ०.१६ व्होल्ट. आउट ४.३. ईएन१ शून्य, तो सरळ ग्राउंडला गेलेला दिसतो. ईएन२ वर ०.९५ व्होल्ट. ईएन२ पासून आउटकडे एक रेझिस्टर जातो, त्यावर १०५ लिहिलंय. म्हणजे बोर्डवाल्याने ईएन२ वर ओढलेला आहेच ना? मग १०० चा मोड कसा लागला?

भुसावळ_वर्कबेंच

सापडलं. १०५ म्हणजे १० च्या पुढे पाच शून्यं, १ मेगओहम. ईएन२ वर ओढायचा होता हे बरोबर, पण ती ओढ पुरत नाही.

या चिपच्या आत ईएन१ आणि ईएन२ या दोन्ही पिनांना ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर आहे, साधारण २८५ किलोओहमचा. वरून १ मेग, खालून २८५ किलो: आउटचे ४.३ व्होल्ट या दोघांत वाटले गेले की पिनेवर ०.९५ उरतात. तुमच्या मीटरनेही तेच दाखवले. डेटाशीट म्हणते की १.४ व्होल्टच्या वर गेलं तरच ‘वर’ धरायचं आणि ०.४ च्या खाली असेल तरच ‘खाली’. ०.९५ हे दोन्हींच्या मधलं, तिथे चिप काय समजेल याची हमी नाही. तुमची चिप ते ‘खाली’ समजतेय. याच घाण्यातला दुसरा बोर्ड ‘वर’ समजेल आणि छान चालेल. विकणाऱ्याने तपासला तेव्हा चाललाही असेल.

मूळ रचना करणाऱ्याने रात्री रेझिस्टरमधून जाणारा करंट वाचावा म्हणून १ मेग घातला असणार. पण तिथे ४७ किलोओहम घातला तरी रात्री १०-१५ मायक्रोअँपच जातात. तुमचा खर्च ३७ मिलिअँप आहे, त्यापुढे हे काहीच नाही.

आउटचे ४.३ सुद्धा तेच सांगताहेत. या चिपचं आउट ४.४ वर राहायला हवं. इनपुटची मर्यादा अपुरी पडली की आउट खाली सरकतं आणि ४.३ च्या आसपास आलं की चिप सेलचा वाटा कमी करून आधी तुमच्या सर्किटला देते. म्हणूनच ३७ सर्किटला पूर्ण मिळाले आणि उरलेले ५८ सेलला.

हिशेब करून पाहा. केळीच्या पानांची सावली धरून पॅनलला आठ तास ऊन मिळतं असं समजू. ५८ गुणिले ८, ४६४ मिलिअँप-तास जमा. उरलेले सोळा तास ३७ प्रमाणे ५९२ खर्च. रोज १२८ ची तूट. २६०० चा सेल वीस दिवसांत रिकामा. तुम्ही लिहिलेले दोन-तीन आठवडे इथूनच आले.

उपाय: १०५ न काढता त्याच्याच पाठीवर ४७ किलोओहमचा रेझिस्टर समांतर सोल्डर करा. जळगावला कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळेल. १०० किलो असला तरी चालेल. आधी सेल आणि पॅनल दोन्ही सोडवून घ्या. मग ईएन२ वर सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत.

एक गोष्ट नक्की पाळा. हा रेझिस्टर आउटलाच जोडा, पॅनलच्या इनला नको. ६ व्होल्टचं पॅनल भार नसताना ७ व्होल्टच्या वर जातं. इन पिनेला ते चालतं, या चिपची इनपुटची वरची मर्यादा १०.५ व्होल्ट आहे. पण ईएन पिना ६ च्या वर नेऊ नयेत. आणि ईएन२ कंट्रोलरच्या पिनेवरून चालवायचा विचार असेल तर तोही सोडून द्या. सेल पूर्ण उतरला की कंट्रोलर झोपतो, ईएन२ खाली जातो, पुन्हा १०० चा मोड, आणि पेटी उठायला धडपडत राहते.

रावेर_केळीबाग

ताई, झालं! ४७ किलो लावला. ईएन२ ३.७५ व्होल्ट, आउट ४.४, आयसेट २.२. घरी सगळ्यांना मीटर दाखवला. पेटी परत बागेत लावलीय.

रावेर_केळीबाग

पुन्हा त्रास देतोय. सकाळी दहापर्यंत आयसेटवर २.२ असतात. अकरानंतर कमी होत जातात, बाराला १.४. एक ते साडेतीनच्या दरम्यान सरळ शून्य, पण चार्जिंगचा दिवा चालूच. संध्याकाळी पुन्हा येतात. ऊन सध्या कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. पेटी काळी आहे, खांबावर उघड्यावर. तापमान पाहणाऱ्या टीएस पिनवर (१ नंबर) दुपारी २८० मिलिव्होल्ट होते. तिला जोडलेला थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) बोर्डवरच आहे, चिपच्या शेजारी.

धुळे_मोबाइल_रिपेअर

भो, सोपं आहे. थर्मिस्टर काढ, १० किलोचा साधा रेझिस्टर लाव. चिपला वाटतं कायम २५ डिग्री आहे. आम्ही सगळ्या बोर्डांना हेच करतो.

भुसावळ_वर्कबेंच

धुळेकर भाऊ, घरात टेबलावर चाचणीपुरतं ते ठीक. रावेरच्या बागेत मे महिन्यात ते करू नका, मी हात जोडून सांगते. आपल्याकडे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. बंद काळ्या पेटीत ६० सहज होतात. बहुतेक लिथियम सेलचे उत्पादक ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात. तापलेल्या सेलला जबरदस्तीने करंट दिला तर तो लवकर मरतो आणि फुगून पेटण्याचीही भीती असते. वर वाळलेली पानं, खाली प्लास्टिकच्या नळ्या, आणि बागेत माणसं कामाला. ती पिन आपल्या राखणीला आहे, तिचं तोंड बंद करू नका.

दादा, तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकामागून एक घडताहेत.

बाराला २.२ चे १.४ झाले, म्हणजे ७९० चे ५०० मिलिअँपच्या आसपास. ही चिपची स्वतःची उष्णता. पॅनल ६ व्होल्टवर, सेल ३.८ वर, मधले २.२ व्होल्ट चिपच्या अंगावर. ७९० मिलिअँपला पावणेदोन वॅट होतात. चांगल्या बोर्डावर ही चिप दर वॅटला ४० अंशांच्या आसपास तापते, म्हणजे ७० अंश. पेटीतले ६० मिळवा, १३०. चिप आतून १२५ ला पोचली की करंट आपणच कमी करते. हे तिचं शहाणपण आहे, बिघाड नाही. चिपच्या पोटाखालचा पॅड नीट सोल्डर झालेला नसेल तर हे आणखी आधी घडतं.

एकनंतरचं शून्य म्हणजे टीएस. त्या पिनेतून ७५ मायक्रोअँप जातात, २५ अंशांना १० किलोवर ७५० मिलिव्होल्ट दिसतात. ३०० च्या खाली गेलं, साधारण ५० अंशांना, की चार्जिंग थांबतं. तुमचे २८० त्याच्या खाली आहेत. थांबलं तरी चार्जिंगचा दिवा लागलेलाच राहतो, डेटाशीटमध्ये तसं लिहिलंय, म्हणून दिव्यावर भरवसा ठेवू नका. आणि थर्मिस्टर चिपच्या शेजारी असल्यामुळे तो सेलपेक्षा चिपचीच धग मोजतोय.

आता विचार करा, तुम्हाला ७९० हवेत कशाला? रात्रीचा खर्च ५९२ मिलिअँप-तास. ४०० मिलिअँपने दीड तासात तो भरून निघतो, भरत आल्यावरचा मंद टप्पा धरून तीन तास घ्या. सकाळी दहाच्या आत काम झालं. आयसेटचा १.१३ काढून २.२ किलोओहम लावा, ४०५ मिलिअँप येतील. कमी करंटला पॅनल थोडं वर, साडेसहा व्होल्टच्या आत-बाहेर बसेल, तरी चिपच्या अंगावर एक वॅटच्या थोडं वर येईल आणि ती १२५ पासून लांब राहील. आयसेटवर पूर्ण करंटला दिसणारे २.२ व्होल्ट तेच राहतील, कारण रेझिस्टर वाढला तेवढा करंट उतरला.

थर्मिस्टर दोन बारीक वायरींवर बाहेर काढा आणि सेलच्या अंगाला कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने चिकटवा. पेटी पांढरी घ्या आणि खांबावरून खाली, झाडांच्या सावलीत आणा, पॅनल तेवढं वर राहू द्या. बागेत पाणी दिल्यावर खालची हवा किती गार असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अँटेनाची वायर मात्र वरच ठेवा, केळीची ओली पानं रेडिओ खातात. हे सगळं करूनही भर दुपारी टीएसने थांबवलं तर थांबू द्या. सेल तोवर भरलेला असेल.

रावेर_केळीबाग

२.२ किलो लावला, थर्मिस्टर सेलवर, पेटी पांढरी करून खाली आणली. सकाळी साडेनऊलाच आयसेट उतरायला लागतो कारण सेल भरत आलेला असतो. दुपारी टीएस ३४० च्या खाली गेलेला दिसला नाही. शेजारच्या शेतातल्या काकांना पण अशीच पेटी हवीय. त्यांचा बोर्ड मागवला की आधी ईएन२ मोजतो.

शहादा_पपई

धागा वाचून हिंमत झाली. माझ्या पपईत कीटकांसाठी सोलर प्रकाश सापळे आहेत, आत टीपी४०५६ चा निळा बोर्ड. सेलला १३० च्या आसपास मिलिअँप जातात, दिवा पहाटेपर्यंत पुरत नाही. त्यात ईएन पिना नाहीत. तिथे काय पाहू?

भुसावळ_वर्कबेंच

दादा, त्या चिपमध्ये सगळं २ नंबरच्या पिनेवर आहे, प्रोग. तिथून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर पाहा. त्यावर १२२ लिहिलं असेल तर १.२ किलो, १ अँपचं सेटिंग. १०३ असेल तर १० किलो, आणि डेटाशीटच्या कोष्टकात १० किलोपुढे १३० मिलिअँपच लिहिलेत. तुमचा आकडा पाहता तेच असण्याची शक्यता जास्त. मग २ किलो लावा, ५८० येतील, पण आधी सेल किती क्षमतेचा आहे ते पाहा. लहान सेलला इतका करंट देऊ नका.

रेझिस्टर १२२ निघाला तर ऊन चांगलं असताना त्याच पिनेवर व्होल्टेज मोजा. १ व्होल्ट असेल तर चिप सेटिंगएवढा करंट देतेय. ०.१ च्या आसपास असेल तर सेल २.९ व्होल्टच्या खाली गेलाय आणि चिप त्याला हळू भरतेय. मधलं काही आलं तर पॅनल, उष्णता किंवा भरत आलेला सेल, तेव्हा पॅनलचं आणि सेलचं व्होल्टेजही त्याच वेळी घ्या. तिन्ही आकडे आणि पॅनल किती वॅटचं ते इथे टाका.